तव्याचा फोटो कोण काढतो?



आपल्या घरातल्या भिंतीकडे आज जरा नीट पाहा. तथागतांची प्रतिमा आहे, बाबासाहेबांची आहे. त्यांच्या खाली लग्नातला जोडीचा फोटो, मुलाचा शाळेतला फोटो, वारलेल्या आजोबांचा हार घातलेला फोटो. ट्रंकेत शोधले तर रेशनकार्डासाठी आणि परीक्षेच्या अर्जासाठी काढलेले चार-दोन फोटो आणखी सापडतील. हे सगळे फोटो माणसांचे आहेत, आणि ते योग्यच आहे. ज्या समाजाच्या अनेक पिढ्या एकही चित्र मागे न ठेवता निघून गेल्या, त्याने आधी माणसांचेच फोटो जपावेत.

पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या तव्यावरची भाकरी खाऊन हे घर लहानाचे मोठे झाले, त्या तव्याचा फोटो आपल्याकडे आहे का? पोचे आलेल्या जर्मनच्या पातेल्याचा? आजीने शिवलेल्या वाकळेचा? प्रश्न ऐकून हसू येईल. तव्याचा कुठे कोणी फोटो काढतो का? भंगारवाला आला की तवा किलोवर जातो आणि त्याची आठवणही त्याच्याबरोबर जाते.

मात्र जगात शंभर वर्षांहून अधिक काळ लोक अशाच वस्तूंचे फोटो काढत आले आहेत आणि ते मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने लावले गेले आहेत. घरातली साधी वस्तू घ्यायची, फिल्मचा रोल घातलेला कॅमेरा तिच्या अगदी जवळ न्यायचा आणि कृष्णधवल फोटो असा काढायचा की पाहणाऱ्याला वस्तूचे नाव लगेच आठवू नये. आधी त्याला फक्त वळण दिसावे, रेषा दिसावी, उजेड आणि सावली दिसावी. या प्रकाराला अमूर्त छायाचित्रण म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट सोपी आहे. पातेल्याचा फोटो पाहून ‘हे पातेले’ असे म्हणण्याआधी त्याचा गोलवा डोळ्यांत भरला, तर तो फोटो अमूर्ताच्या वाटेवर आहे असे समजावे.

१९१६ सालची गोष्ट. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात ट्विन लेक्स नावाचे ठिकाण आहे. तेथे पॉल स्ट्रँड या पंचविशीतल्या तरुणाने स्वयंपाकघरातली काही वाडगी उचलली, एकमेकांना लागून मांडली आणि अगदी जवळून त्यांचा फोटो घेतला. फोटोत एकही वाडगे पूर्ण दिसत नाही. दिसतात त्या काठांच्या गोलाया आणि त्यांच्यामधल्या गडद सावल्या. त्या काळी अनेक छायाचित्रकार फोटो धूसर करून तो रंगवलेल्या चित्रासारखा दिसावा यासाठी धडपडत होते. स्ट्रँडने ते सोडून दिले आणि लखलखीत, स्पष्ट फोटो काढला. नंतर १९१७ मध्ये ‘कॅमेरा वर्क’ या नावाजलेल्या नियतकालिकाच्या शेवटच्या अंकाने त्याच्या या नव्या कामाला जागा दिली.

१९२८ साली पॅरिसमध्ये आंद्रे केर्तेस याने ताटलीच्या काठावर टेकवलेल्या एका काट्याचा फोटो काढला. एक ताटली, एक काटा आणि त्याची सावली, एवढेच त्यात आहे. १९३० मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड वेस्टन याने एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला. मिरची नीट बसेना म्हणून त्याने ती पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. रॉकेल ओतायला आपल्याकडे असायचे तसलेच ते नरसाळे! त्याच्या आतून परतणारा उजेड मिरचीच्या अंगावर असा पडला की फोटोत ती एखाद्या राबत्या माणसाच्या वाकलेल्या पाठीसारखी दिसते. काम झाल्यावर भाजीत जाणारी मिरची, पण नऊ दशकांहून अधिक काळ लोक तिच्याकडे पाहत आहेत.

ही सगळी सुखवस्तू माणसांची चैन, असे कोणी म्हणेल. म्हणून योसेफ सुदेक या छायाचित्रकाराची हकिकत मुद्दाम सांगतो. तो १८९६ साली आजच्या चेक देशातील कोलीन या गावी जन्मला. पुस्तकबांधणीचे काम तो शिकला होता. हाताच्या कसबावर पोट भरणारा कामगार! पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात जावे लागले आणि तेथे त्याने उजवा हात गमावला. एका हाताने पुस्तक बांधणार कसे? मग तो छायाचित्रणाकडे वळला. पुढे दुसऱ्या महायुद्धात प्राग शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले आणि कॅमेरा घेऊन बाहेर हिंडणे अवघड झाले. तेव्हा सुदेकने आपल्या छोट्या कामाच्या खोलीची खिडकीच विषय म्हणून निवडली. खिडकीच्या काचेवर जमलेले दव, पाण्याचा पेला, एक अंडे, पावाचा तुकडा यांचेच फोटो तो वर्षानुवर्षे काढत राहिला. १९७६ मध्ये तो वारला. एक हात, एक खिडकी आणि एक पेला एवढ्या भांडवलावर त्याने जे उभे केले, ते पाहायला आज देशोदेशीचे लोक जातात.

परदेशाचे झाले, आता आपल्याकडे येऊ. नसरीन मोहमदी या चित्रकार बाईंचे नाव आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. त्यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. पुढे त्या मुंबईत वाढल्या, लंडन आणि पॅरिसला शिकल्या आणि १९७२ पासून बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवू लागल्या. अंगात हळूहळू वाढत जाणारा मज्जातंतूंचा आजार होता. हात-पाय ऐकेनासे होत होते, तरी कागदावर केसासारखी बारीक आणि सरळ रेषा त्या ओढत राहिल्या. १९९० मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातील किहीम येथे समुद्राकाठी त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

या बाई जन्मभर कृष्णधवल फोटोही काढत होत्या. मागावर ताणलेले धागे, ओहोटीनंतर वाळूवर उमटलेल्या रेघा, फरशीच्या सांध्यांच्या ओळी, रस्त्यावरचे पट्टे हे त्यांचे विषय. मागाच्या त्या फोटोत ना विणकर दिसतो, ना कापड दिसते. दिसतात फक्त धागे, एकामागून एक, दूर जाणारे. जिवंतपणी त्यांनी हे फोटो प्रदर्शनात मांडले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर ते जगापुढे आले. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा उघडली, तेव्हा सुरुवातीच्याच प्रदर्शनांत नसरीनबाईंच्या कामाचे मोठे प्रदर्शन होते.

आता मागावरच्या त्या धाग्यांवरून आपल्या बीड जिल्ह्यातल्या घरात या. वाकळ घ्या. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून, हातभर अंतर सरकत सरकत, धावदोऱ्याने शिवलेली वाकळ. सकाळी सातच्या सुमारास ती दाराशी पसरा. ऊन तिरपे असते. प्रत्येक टाक्याची छोटी सावली पडते. कॅमेरा जवळ नेऊन, काठ न दाखवता, फक्त मधला भाग टिपा. फोटो पाहणाऱ्याला नांगरट केलेले रान दिसेल, तासामागून तास! आणि मग त्याच्या लक्षात येईल की एके ठिकाणी टाके जवळजवळ आहेत आणि दुसरीकडे लांब लांब पडले आहेत. कदाचित शिवणाऱ्या बाईची नजर कमी झाली असेल, कदाचित चिमणीतले रॉकेल संपत आले असेल. वाकळ अंगावर घेताना हे कधी दिसत नाही. फोटोत दिसते.

मला या कलेचे मर्म इथे आहे असे वाटते. अमूर्त फोटो वस्तूचे नाव बाजूला ठेवतो, किंमत बाजूला ठेवतो. नाव आणि किंमत गेली की जे उरते ते तिच्या अंगावरची झीज. काटवटीच्या मध्यभागी पडलेला खोलगट भाग म्हणजे हजारो वेळा मळलेले पीठ. पाट्याचा गुळगुळीत झालेला पोटाचा भाग म्हणजे वर्षानुवर्षे वाटलेले वाटण. विळ्याची मूठ काळी-तुळतुळीत झालेली असते ती हाताच्या घामाने. आपल्या आज्या-पणज्यांना लिहिता आले नाही. त्यांनी डायरी ठेवली नाही, पत्रे लिहिली नाहीत. पण त्यांच्या हाताने या वस्तूंवर लिहून ठेवले आहे, आणि ते वाचायला तिरपा उजेड लागतो.

म्हणून कृष्णधवल का, हेही समजून घेतले पाहिजे. रंग लक्ष वेधून घेतो. निळी प्लास्टिकची बादली शेजारी असली की डोळा आधी तिच्याकडे जातो, काळ्या तव्याकडे जात नाही. कृष्णधवल फिल्ममध्ये निळी बादली आणि लाल माठ दोन्ही करड्या रंगाच्या कमी-अधिक छटा होऊन बसतात. कोणी मोठा नाही, कोणी धाकटा नाही. तांब्याचा महागडा हंडा आणि जर्मनची घागर, दोघांवर उजेड सारखाच पडतो.

फिल्मची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. फिल्मवर आणि ब्रोमाइड कागदावर चांदीच्या क्षारांचे बारीक कण बसवलेले असतात. उजेड लागलेले कण रसायनात धुतल्यावर शुद्ध चांदीचे होतात, आणि अतिशय बारीक चांदी डोळ्याला काळी दिसते. म्हणजे काजळी धरलेल्या तव्याचा चांगला फोटो कागदावर उतरला, तर त्यातला काळा भाग हा खरोखर चांदीचा असतो! ज्या घरात चांदीचे भांडे कधी आले नाही, त्या घरातला तवा चांदीत उमटतो.

तरुण मुला-मुलींपैकी कोणाला हे करून पाहायचे असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट उजेडाची. फ्लॅश वापरू नये. तो समोरून आदळतो आणि झीज, ओरखडे, टाके सगळे सपाट करून टाकतो. सकाळ-संध्याकाळचे ऊन किंवा दारा-खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड घ्यावा. आपल्याकडच्या पत्र्याच्या घरात एकच दार असते, ही अडचण येथे सोय ठरते. एका दाराचा उजेड सगळ्यात चांगला.

दुसरी गोष्ट अंतराची. पन्नास मिलिमीटरच्या नेहमीच्या भिंगाने साधारण दीड फुटापर्यंत जवळ जाता येते. तेवढे जावे. साध्या डबा-कॅमेऱ्याला इतके जवळचे नीट दिसत नाही. पूर्ण वस्तू चौकटीत बसवण्याचा मोह टाळावा. अर्धा काठ, एक कान, हँडलची सावली एवढे पुरते. मागे काळे कापड किंवा घोंगडी टाकली की बाकीचा पसारा दिसत नाही.

तिसरी गोष्ट मापाची. कॅमेऱ्यातला मीटर प्रत्येक वस्तू मध्यम करडी आहे असे धरून चालतो. म्हणून चकाकणारी पांढरी ताटली त्याच्या भरवशावर काढली तर ती मळकट येते, आणि काळा तवा राखाडी येतो. पांढऱ्या वस्तूला मीटरने सांगितल्यापेक्षा एक-दीड स्टॉप जास्त उजेड द्यावा, काळ्या वस्तूला तेवढाच कमी द्यावा.

चौथी गोष्ट सबुरीची. पस्तीस मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीस फोटो. पूर्वी घरोघरी दिसणाऱ्या ‘आग्फा क्लिक थ्री’मध्ये तर बाराच यायचे. बटण दाबण्याआधी माणूस दहा वेळा पाहायचा. ही पाहण्याची सवय हीच खरी शिकवण आहे. तेव्हा रोलही देशात बनत असे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या उटीच्या ‘हिंदुस्तान फोटो फिल्म्स’ या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म अनेक स्टुडिओवाल्यांना आठवत असेल. तो कारखाना आता बंद पडला आहे. बाहेरून येणारा रोल महाग पडतो आणि धुऊन देणारे थोडे उरले आहेत. म्हणून ज्याला रोल परवडत नाही त्याने मन खट्टू करून घेऊ नये. मोबाइलमध्ये रंग काढून टाकण्याची सोय असते. फक्त एक नियम स्वतःला घालावा: आज बाराच फोटो, तेरावा नाही.

येथे एक शंका रास्त आहे. पातेले फोटोत सुंदर दिसले म्हणून ते भरेल का? ज्यांच्या पोटाचा प्रश्न सुटलेला नाही त्यांना रेषा आणि सावली दाखवायची, ही थट्टा तर नव्हे? शंका खोटी नाही. गरिबीचे नुसते देखणे चित्र काढणे हा अपराधच आहे. माणसाचे दुःख सरळ समोर ठेवणाऱ्या फोटोंची गरज आहे आणि राहील. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले, गटारात उतरलेला माणूस लोकांना पाहायला लावला. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या कामाची जागा वाकळेचा फोटो घेऊ शकत नाही.

पण दोन्हींची गरज वेगळी आहे. ओलवे यांचा फोटो समाजाला सांगतो की पाहा, या माणसाला तुम्ही कसे वागवता. तव्याचा फोटो घरातल्या लेकराला सांगतो की पाहा, तुझ्या आजीने काय केले. पहिला फोटो दुसऱ्यांना जाब विचारतो. दुसरा आपल्याच माणसांना आपली ओळख देतो. आपल्या वस्तू हलक्या, आपले घर दाखवण्यासारखे नाही, पाहुणे आले की जर्मनची भांडी फडक्याखाली झाका, ही लाज आपल्यावर कोणी घातली ते आपण जाणतो. एके काळी आपल्या हाताचे भांडे विटाळाचे मानले गेले, पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ मध्ये महाडला जावे लागले. त्या भांड्याकडे आपणच डोळे भरून पाहायचे नाही, तर कोणी पाहायचे?

पुण्याला सेनापती बापट मार्गावर सिम्बायोसिस संस्थेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आहे. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू तेथे जपल्या आहेत. खुर्ची आहे, कपडे आहेत, व्हायोलिन आहे, रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. आपली माणसे त्या वस्तूंपुढे गप्प उभी राहतात, कारण त्यांना त्या वस्तूंत ते हात दिसतात. वस्तू बोलते, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. महामानवाच्या वस्तू संग्रहालयाने जपल्या. आपल्या आजीची काटवट कोणते संग्रहालय जपणार? ती आपल्यालाच जपायची आहे, आणि ती जपता आली नाही तर निदान तिचा एक नीट फोटो.

आपल्या जिल्ह्यात तर हे अधिकच खरे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचा सारा संसार एका ट्रॅक्टरवर चढतो. तवा, परात, दोन पातेली, घागर, वाकळा, कंदील किंवा बॅटरी, आणि कोयता. तोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. जिवंत माणसांची दोन नावे पुसली जातात आणि त्यांच्या जागी हत्याराचे नाव येते. फोटोने याच्या उलट करता येते. कोयत्याची मूठ जवळून पाहा. लाकूड कोठे झिजले आहे, चिंधी कोठे गुंडाळली आहे, बोटांच्या जागा कशा पडल्या आहेत. हत्यारातून पुन्हा माणूस दिसू लागतो, आणि तो माणूस कोण हे घरातल्या पोराला बरोबर ओळखता येते.

म्हणून या पानाच्या वाचकांना एक विनंती आहे. हंगाम संपवून माणसे घरी परतली की घरातल्या कोणत्याही तीन जुन्या वस्तू निवडा. एक आजीची, एक आईची, एक वडिलांची. त्यांना घासून-पुसून चकाचक करू नका, आहेत तशा उजेडात ठेवा. घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला फोटो काढू द्या आणि म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. फोटो काढता काढता ते माणूस त्या वस्तूची गोष्ट सांगू लागेल: कोणत्या बाजारात घेतली, किती रुपयांना घेतली, कोणत्या कारखान्यावर बरोबर नेली, दुष्काळात गहाण पडली होती का. ते ऐकून घ्या.

मग स्टुडिओतून फोटो कागदावर काढून आणा. मोबाइल हरवतो, फुटतो, कागद ट्रंकेत टिकतो. आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने एवढे लिहा: वस्तूचे नाव, ती वापरणाऱ्या बाईचे किंवा बाप्याचे पूर्ण नाव, गाव आणि साल. समोरून फोटो अमूर्त असला तरी चालेल, मागचे नाव मात्र स्पष्ट अक्षरात हवे.